हॉटेलात मिळतात तसे साधे, खारे टॉर्टिया चिप्स पाकिटात कुठले मिळतील?

गोलाईवाली (लातूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा चोचल्यांचा आहे, आधीच सांगते.

दिवाळीत भावाकडं छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. पोरांच्या हट्टापायी कॅनॉटच्या बाजूला एका मेक्सिकन म्हणवणाऱ्या हॉटेलात बसलो. जेवण यायच्या आधी त्यांनी टोपलीत कागद घालून टॉर्टिया चिप्स, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीचे तळलेले तुकडे, आणले आणि सोबत वाटीभर लाल सालसा. जेवायला काय मागवलं होतं ते आता मला आठवतही नाही, पण ती टोपली डोक्यातून जाईना.

मसाला नाही, चीजची पूड नाही, नुसतं मीठ. हाताला कोमट लागत होते. पातळ, तरी सालशात बुडवल्यावर मोडत नव्हते. वर बारीक बारीक फोड, कडेला एखादा तपकिरी ठिपका, काही तर मुडपलेले. आणि वास! भाजलेल्या कणसाचा, पण त्यात अजून काहीतरी होतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "नवा चुना मारलेल्या खोलीत कणसं भाजायलेत असं वाटतंय." सगळे हसले. मला मात्र एकदम पटलं.

लातूरला आल्यापासून पाच पाकिटं आणून झाली. नावं लिहीत नाही, उगं कुणाची बदनामी नको. पहिल्यानं बोटं नारिंगी केली. दुसरं गोडच होतं. तिसरं इतकं जाड की टाळूला खरचटलं. चौथं खवट निघालं, फोडल्या फोडल्या वास आला. पाचवं बरं होतं, पण त्यात तो चुन्या-कणसाचा वास नाही.

तर विकत कुठलं घेऊ तेवढं सांगा. "घरी करा, सोपं आहे" असं कृपया कुणी म्हणू नका. मी सकाळी साडेनऊला घर सोडते आणि संध्याकाळी सातला येते.

हिंगोलीचा_हळद्या

ताई, मुगाचा पापड त्रिकोणी कापून तळा, वर मीठ भुरभुरा. सालसा म्हणजे टोमॅटोची चटणीच की. त्या टोपलीचं बिल किती लावलं होतं तेवढं सांगा फक्त.

गोलाईवाली

टोपली फुकट होती हो भाऊ. म्हणून तर लक्षात राहिली.

वजिराबादी (नांदेड)

कॉर्निटोसचं सी सॉल्टवालं घेऊन बघा. त्यांच्यात मसाल्याचे पाच-सहा प्रकार असतात, ते सगळे बाजूला सारून साधं मिठाचंच शोधायचं. छोट्या दुकानात बहुतेक वेळा मसालेवालेच ठेवतात कारण तेच खपतात. साधं हवं असेल तर मोठ्या मॉलात जा नाहीतर ऑनलाइन मागवा. आमच्या घरी सालसा नाहीतर दह्यातली लसणाची चटणी असली की हेच आणतो.

डोरिटोस चांगले लागतात, पण त्यांची मजा त्या मसाल्यात आहे. तुम्ही म्हणायलात ते वेगळं. आणि मॅड अँगल्स त्रिकोणी आहेत, साम्य तेवढंच. तो वेगळ्या जातीचा पदार्थ आहे.

लेबलवाचक

ब्रँड रोज बदलतात, दुकानात एक असतो तर दुसरा नसतो. म्हणून ब्रँडपेक्षा पाकिटाच्या पाठीमागं काय बघायचं ते सांगतो. मला हा नादच आहे, घरचे कंटाळलेत.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, तसा नियमच आहे. म्हणून पहिला शब्द मका पाहिजे. तांदूळ, गहू, मैदा, बेसन यातलं काही पहिल्या दोनांत असलं तर पाकीट परत ठेवा. ते वाईट असतं असं नाही, पण तुम्हाला हवी ती चव त्यात येणार नाही. मका, तेल, मीठ, एवढ्यात यादी संपत असेल तर उत्तम. ६२७ आणि ६३१ हे आकडे दिसले तर तो चव वाढवणारा माल, म्हणजे मसाल्याचं पाकीट.

आता खरी गंमत. कधीकधी यादीत ५२६ असा आकडा दिसेल, नाहीतर कुठंतरी 'लाइम ट्रीटेड' असं लिहिलेलं असेल. यातला लाइम म्हणजे लिंबू नव्हे. ५२६ म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच आपला पानाला लावायचा चुना. ताई, तुमच्या सासूबाईंच्या नाकाला माझा दंडवत.

मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. कोरडा मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन साल काढतात आणि मग ओलाच वाटतात. तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत राखेला नेश्तली आणि मळलेल्या पिठाला तमल्ली म्हणतात, त्यावरून या शिजवलेल्या मक्याला निश्तामाल हे नाव पडलं. तीन हजारांहून जास्त वर्षं हे चालू आहे. चुन्यानं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो म्हणून पातळ लाटता येतं, आणि तो वास येतो. साध्या मक्याच्या पिठाला तो वास जन्मात येणार नाही. आपल्याकडं मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा तडकतात, त्याचंही कारण हेच.

हा नुसता चवीचा खेळ नाही. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व जखडलेलं असतं, चुन्यानं ते मोकळं होतं. मका अमेरिकेतून युरोपात गेला, पण चुन्याची रीत काही सोबत गेली नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला, कातडी सोलायची, डोकं भ्रमायचं. हा रोग आपल्यापासूनही लांब नव्हता बरं. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीवर जगणाऱ्यांमधल्या पेलाग्राबद्दल लिहिलंय, त्यांनी बोट ज्वारीतल्या ल्युसिनकडं, म्हणजे प्रथिनातल्या एका घटकाकडं, दाखवलं होतं. असो, चिप्सवरून फारच लांब आलो.

थोडक्यात: मका पहिला, यादी आखूड, चुन्याचा उल्लेख असला तर सोन्याहून पिवळं. मात्र उल्लेख नाही म्हणजे चुना वापरलाच नाही असं समजू नका. सगळेच लिहीत नाहीत.

हिंगोलीचा_हळद्या

म्हणजे मेक्सिकोवाले मक्याला चुना लावतात आणि आपले हॉटेलवाले गिऱ्हाइकाला.

किचनमधून_सुटलेला

हळद्याभाऊ, चूक नाही तुमचं. मी संभाजीनगर आणि पुणे मिळून चार वर्षं हॉटेलच्या किचनात काढली. आता शेतीच बघतो. ताईंना एकच विचारायचंय, कारण 'हॉटेलसारखे' हा शब्दच फसवा आहे. हॉटेलात तीन तऱ्हेचे चिप्स असतात आणि तिन्हींना मेनूत नाव एकच.

पहिली तऱ्हा: मक्याचं पीठ, त्यात निम्मा मैदा, चिमूटभर ओवा न् हळद. पोळी लाटायची, काट्यानं टोचायची, शंकरपाळ्यासारखं त्रिकोणी कापून तळायचं. हे खमंग लागतं, पण खाताना पापुद्रा जाणवतो. हे खाल्लं असेल तर कुठल्याच पाकिटात सापडणार नाही, कारण ती मुळात आपली तिखटमिठाची पुरीच आहे.

दुसरी: कच्चे नाचोज किलोवर मिळतात, फ्रायम्ससारखे. तेलात टाकले की फुलतात. हे हलके, आतून पोकळ, जिभेवर विरघळतात. सालशात घातले की लगेच मऊ.

तिसरी: तयार चिप्सच्या मोठ्या पिशव्या, साध्या, बिनमसाल्याच्या. त्या टोपलीत तशाच ओतत नाहीत. ऑर्डर आली की मूठभर चिप्स कडक तेलात आठ-दहा सेकंद बुडवून काढायचे, झाऱ्यावर निथळायचे, गरम असतानाच बारीक मीठ मारायचं. काही ठिकाणी ओव्हनमध्ये चार मिनिटं ठेवतात. गिऱ्हाइकाला वाटतं, आत्ताच केलेत.

खरा टॉर्टिया कापून तळणारं हॉटेल मी मराठवाड्यात तरी पाहिलेलं नाही. असेल कुठं तर मला कळवा, मी मुद्दाम जाईन.

ताईंनी जे लिहिलंय, म्हणजे पातळ, फोड, तपकिरी ठिपके, सालशात न मोडणं, ते सगळं तिसऱ्या तऱ्हेचं दिसतंय. पुरीला असे ठिपके येत नाहीत आणि फ्रायम्स सालशात टिकत नाहीत. कारखान्यात आधी टॉर्टिया भट्टीत भाजतात, मग तळतात. ठिपके त्या भाजण्याचे.

गोलाईवाली

बाई गं! म्हणजे मी जे हॉटेलचं समजून शोधायले ते पाकिटातलंच निघायचं? भावाला फोन लावते. त्याच्या ऑफिसपासून ते हॉटेल जवळ आहे, विचारून ये म्हणते.

टेक्सासला_गेलेली_परभणीकर

मी सहा वर्षं सॅन अँटोनियोला होते, आता परत परभणीत. हा विषय बघून राहवलंच नाही.

तिकडं मेक्सिकन हॉटेलात बसलं की आधी चिप्सची टोपली येते, तीही बहुतेक ठिकाणी फुकटच. ते लोक आदल्या दिवशीच्या उरलेल्या टॉर्टियाचे तुकडे करून तळतात. शिळा टॉर्टिया मुद्दाम घेतात, कारण त्यातलं पाणी कमी झालेलं असतं. ताज्या, ओल्या टॉर्टियाचे चिप्स तेल पितात आणि चिवट होतात. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, शिळ्या भाकरीचा तुकडा तव्यावर कडक करतो, त्यातलंच हे. मेक्सिकोत या तुकड्यांना तोतोपोस म्हणतात. नाचोज म्हणजे वर चीज, मिरची घातलेला पदार्थ, नुसत्या चिप्सना नाचोज म्हणणं ही आपल्याकडची रीत. आणि नाचो हे तर माणसाचं लाडाचं नाव! टेक्सासच्या सीमेपलीकडं पिएद्रास नेग्रास गावात १९४०च्या दशकात इग्नासिओ आनाया नावाच्या माणसानं अवेळी आलेल्या बायकांना स्वयंपाकघरात जे होतं त्यातून ही बशी करून दिली. इग्नासिओचं लाडकं रूप नाचो. आपल्याकडं बंडू असता तर आज आपण बंडूज खात बसलो असतो.

किराणा दुकानात तिकडंही 'रेस्टॉरंट स्टाइल' लिहिलेल्या पिशव्या मिळतात, टोस्टिटोसची त्यात सगळ्यांत ओळखीची. आणि तिकडचे लोकही हेच रडगाणं गातात की हॉटेलसारखी चव नाही. मला तिथल्या शेजारणीनं जो उपाय सांगितला तो इथं सांगते: पिशवीतून थेट ताटात कधीच ओतायचे नाहीत. ओव्हन १७५ ते १८० अंशांवर तापवून घ्यायचा, चिप्स एका थरात पसरायचे, पाच मिनिटं. बाहेर काढले की मिठाची चिमूट आणि वाटलं तर लिंबाचे दोन थेंब. पाकिटातले आणि हॉटेलातले चिप्स यांतला निम्मा फरक तर इथंच भरून निघतो, कारण गरम झालं की तेलाचा आणि मक्याचा वास उठतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, मंद आच, हलवत राहायचं. झाकण ठेवायचं नाही, वाफ धरते. मायक्रोवेव्हनं मला कधी जमलं नाही, मधले करपतात आणि कडेचे मऊच राहतात.

आणि हो, कुणी अमेरिकेहून येणार असेल तर त्याला चिप्स आणायला सांगू नका. मी एकदा आणले होते. बॅगेतून निघाला तो थेट रवा.

वजिराबादी

कढईत जाड मीठ तापवून त्यात हलवले तर? फुटाणेवाले वाळूत भाजतात तसं?

टेक्सासला_गेलेली_परभणीकर

करून बघितलं नाही. पण पातळ चिप्सचा चुरा होईल असं वाटतंय आणि मीठही जास्त चिकटेल.

कडकभाकर (तुळजापूर)

सगळे मेक्सिकोला निघालात, जरा सोलापूरला थांबा. आमच्यापासून पाऊण-एक तासावर आहे. ज्वारीची कडक भाकरी पाकिटात मिळते, पापडासारखी पातळ, कागदासारखी वाजते. तिचे हातानं तुकडे करायचे, तव्यावर तेलाचं बोट फिरवून गरम करायचे, वर मीठ. सालशाबरोबर नाही, शेंगदाण्याच्या चटणीत दही कालवून त्यात बुडवून खा. महिनाभर सहज टिकते, आमच्या घरी नवरात्रात पाहुण्यांसाठी हीच असते.

ताई, तो वास येणार नाही, मान्य. पण मीठ, खरपूसपणा, कुरकुरीतपणा तिन्ही आहे, आणि तळलेलं नाही. पोरं आधी नाक मुरडतात, मग पाकीट संपतं.

लेबलवाचक

हे मला मान्य. तिच्या पाकिटामागची यादी बघा, ज्वारी आणि मीठ, विषय संपला. एवढी आखूड यादी मी दुसरी पाहिली नाही.

सिल्लोडकर_मकावाला

राम राम. आमच्या तालुक्यात मिरचीसारखाच मकाही भरपूर. पण हा मका माणसं खात नाहीत, कोंबड्या खातात नाहीतर स्टार्चचे कारखाने. पिवळा हायब्रीड मका, दाणा कडक. या धाग्यावर चुन्याचं वाचलं आणि परवा रविवारी डोक्यात किडा वळवळला. ताई "घरी करा" म्हणू नका म्हणाल्यात, म्हणून त्यांना सांगत नाही, बाकीच्यांना सांगतो.

एक किलो स्वच्छ निवडलेला मका घेतला. घरचाच, औषध न मारलेला. बुरशी लागलेला, काळपट दाणा एकूण एक काढून टाकला, त्यात हयगय नको. बियाण्याचा मका तर चुकूनही नको, त्याला विषारी औषध चोळलेलं असतं. तीन लिटर पाणी, आणि पानाचा खायचा चुना. कोरडा असेल तर दहा ग्रॅम पुरतो, म्हणजे मक्याच्या शंभरावा हिस्सा. माझ्याकडं डबीतला ओला होता, त्यात पाणी असतं म्हणून वीस-एक ग्रॅम घातला. भिंतीला मारायचा चुना घालू नका, त्यात काय काय असतं देव जाणे. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं अजिबात नको, चुना त्याला खातो. चुन्याच्या पाण्यात उघडा हात घालू नका, कातडी भाजते.

चाळीस मिनिटं उकळला. पाणी हळदीसारखं पिवळंधमक झालं, बायको म्हणाली यात हळद कुणी टाकली. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी चार पाण्यांनी चोळून धुतला, साल आपोआप सुटलं. आणि काय सांगू, धुतानाच तो वास! ताईंच्या सासूबाई म्हणतात तोच, चुना मारलेल्या खोलीत कणीस.

आता दळणार कसा? गिरणीवाल्यानं ओला मका बघून हात जोडले. मिक्सरला पाणी घालावं लागतं, मग पीठ सैल होतं. शेवटी आईचा पाटा-वरवंटा काढला. पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं, मेक्सिकोतल्या बायका अशाच दगडावर, असंच गुडघे टेकून वाटतात. आई म्हणाली, मग इतक्या लांबून शिकायचं काय होतं त्यात.

पिठाची गोळी दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पुरीच्या साच्यात दाबली. तडकली नाही! नुसत्या मक्याच्या पिठाची कधीच अशी होत नाही. तव्यावर दोन्हीकडनं भाजल्या, कापून तासभर पंख्याखाली सुकवल्या, मग तळल्या. पहिला घाणा फसला, सुकवायचा कंटाळा केला होता, तेल उडून हातावर आलं. दुसरा घाणा जमला.

चव: वास शंभर टक्के. कुरकुरीतपणा ठीक. जाडी जास्त झाली, विकतच्यासारखं पातळ काही जमलं नाही. दोन माणसांचा अर्धा दिवस गेला आणि दोन ताटं चिप्स झाले, ते पोरांनी दहा मिनिटांत उडवले. परत करीन का? पावसाळ्यात, हाताला काम नसताना, करीन.

हिंगोलीचा_हळद्या

दादा, उरलेला मका कोंबड्यांना घातला का? त्यांची प्रतिक्रिया कळवा.

सिल्लोडकर_मकावाला

साल घातलं. चवीनं खाल्लं.

किचनमधून_सुटलेला

मकावाले दादा, जबरदस्त. पातळ करायचं असेल तर साच्यात दाबल्यावर प्लास्टिकसकट हलकंसं लाटणं फिरवा. आणि तळताना तेल चांगलं तापलेलं पाहिजे. पिठाचा कण टाकला की लगेच वर आला पाहिजे, पण धूर नको. तेल कोमट असलं की चिप्स तेल पितात.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी मासा हारिना नावाचं पीठ मिळतं, चुन्यात शिजवलेल्या मक्याचंच कोरडं पीठ. मासेका हा त्यातला मेक्सिकोचा जुना ब्रँड, आपल्याकडं ऑनलाइन मिळतो. महाग आहे. नुसतं पाणी घालून मळायचं. दुकानात 'मक्याचं पीठ' म्हणून जे मिळतं ते हे नव्हे, आणि कॉर्नफ्लोअर तर अजिबातच नव्हे, त्याची खळ होईल.

गोलाईवाली

मंडळी, बातमी आहे.

भाऊ काल जाऊन आला. काउंटरवरच्या माणसानं आधी "आमची सीक्रेट रेसिपी" वगैरे सुरू केलं. मग माझ्या भावानं सरळ विचारलं, तुम्ही तेलात बुडी देता का? तो माणूस हसायलाच लागला. मुंबईहून मोठ्या पिशव्या येतात, साध्या मिठाच्या, गरम तेलात बुडवून काढतो, म्हणाला. किचनवाले भाऊ, तुम्ही म्हणालात अगदी तस्संच!

मग मी काय केलं सांगते. वजिराबादी म्हणाले ते साधं मिठाचं पाकीट इथं लातुरात दोन दुकानांत नव्हतं, तिसऱ्या ठिकाणी मिळालं. मागं वाचलं: पहिला शब्द मका. तारीख बघितली. ते चौथं खवट पाकीट मी तारीख न बघता आणलं होतं, आणि त्या दुकानात ते दारातच उन्हात टांगलेलं होतं. आता कळतंय. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, तेलाचा पदार्थ, खवट नाही होणार तर काय.

अर्धे चिप्स ओव्हनमध्ये पाच मिनिटं, अर्धे तेलात दहा सेकंद. सासूबाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि दोन्ही दिले. तेलातले हातात घेतल्या घेतल्या म्हणाल्या, "हे हाटेलातलं." ओव्हनचे पण छान होते, थोडे कोरडे. रोजच्यासाठी मी ओव्हनवालेच करणार, तेल वाचतं. पाहुणे आले की बुडीवाले.

सालसा मी टोमॅटो, लसणाच्या चार पाकळ्या न् दोन हिरव्या मिरच्या तव्यावर काळे होईपर्यंत भाजून केला. खलबत्त्यात भरड कुटलं, वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. मिक्सरला लावलं की त्याचं सूप होतं, तेवढं सांभाळा.

वासाचं सांगायचं राहिलंच. गरम केल्यावर तो वास आला. थंड असताना त्याच पाकिटाला अजिबात नव्हता. म्हणजे माझं ते पाचवं पाकीटही कदाचित गरम केलं असतं तर जमलं असतं, आणि ते मी कामवाल्या मावशींच्या पोरांना देऊन बसले.

टेक्सासला_गेलेली_परभणीकर

चला, एकीचं तरी भागलं. पाकीट फोडल्यावर उरलेले चिप्स पत्र्याच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात क्लिप लावून काही होत नाही, सादळतात. सादळलेले परत ओव्हनमध्ये टाका, ठीक होतात. खवट झालेले मात्र कशानंच होत नाहीत.

कडकभाकर

आणि माझी भाकरी?

गोलाईवाली

दादा, पुढच्या महिन्यात तुळजापूरला दर्शनाला येणार आहोत. सोलापूरहून कुणी येत असेल तर चार पाकिटं मागवून ठेवाल का? दुकान सांगितलं तरी चालेल. सासूबाईंनी आत्ताच विचारलंय की ती बुडीवाली युक्ती तिच्यावर चालेल का.

कडकभाकर

तेलात नका बुडवू, जळेल लगेच. तव्यावरच. पाकिटं ठेवतो आणून, मेसेज करा.

हिंगोलीचा_हळद्या

मुगाच्या पापडाचा मात्र कुणी विचारच केला नाही.